दुसऱ्या क्रमांकाचा कप

आमच्या तळोद्याच्या दुकानात गल्ल्याच्या वरच्या फळीवर, भगवान महावीरांच्या तसबिरीशेजारी, एक कप ठेवलेला आहे. पितळी म्हणावा तर पितळ नाही, चांदीचा म्हणावा तर चांदीने त्याच्याकडे कधी पाहिलेलं नाही. त्याचा एक कान तुटला होता, तो मी फेविक्विकने चिकटवला आणि तो थोडा वाकडाच बसला. खाली लाकडी पाटीवर कोरलंय, जिल्हास्तरीय शालेय बँड स्पर्धा, द्वितीय क्रमांक. बाबूजी, म्हणजे माझे वडील, होते तोपर्यंत कापड फाडता फाडता प्रत्येक गिऱ्हाइकाला तो कप दाखवायचे. साडीला फॉल घ्यायला आलेल्या बाईलासुद्धा कपाची हकिगत ऐकल्याशिवाय सुटका नव्हती. हकिगत अर्थात बाबूजींची होती. खरी मी आज लिहिते आहे, आणि ती ऐकून कुणी पेढा मागणार नाही.

त्या वेळी आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्याला सगळंच जिल्हास्तरीय करायची घाई झाली होती. जिल्हास्तरीय रांगोळी, जिल्हास्तरीय वक्तृत्व, जिल्हास्तरीय निबंध, विषय ‘माझा जिल्हा’. प्रत्येक शाळेला वाटायचं, पहिल्या वर्षी जे नाव लागेल ते कायमचं लागेल. आमच्या शाळेने निबंधात हात पोळून घेतला होता, वक्तृत्वातला आमचा मुलगा व्यासपीठावर जाऊन रडला होता. तेव्हा मुख्याध्यापकांनी ठरवलं की आपण बँड पथक काढू, कारण त्यात कुणाला बोलावं लागत नाही. पथकाची जबाबदारी बागुल सरांवर आली. बागुल सर खेळाचे शिक्षक होते, म्हणजे शिट्टी वाजवायचे. कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या बँडमध्ये त्यांनी झांज वाजवली होती, निदान तसं ते सांगायचे. एवढ्या पुण्याईवर त्यांनी आठ लहान ड्रम, एक मोठा ड्रम, चार झांजा आणि तीन बिगुल यांची फौज उभी केली. बिगुल शेवटपर्यंत वाजले नाहीत. ते ओठांना लावून चालायचं, एवढंच त्या तिघांना शिकवलेलं होतं.

गणवेशाशिवाय पथक होत नाही, म्हणून सर एका दुपारी आमच्या दुकानात आले. बाबूजींकडे लाल टेरिकॉटची थानं कित्येक दिवाळ्या पडून होती. तो लाल रंग इतका भडक होता की नवरीच्या आयासुद्धा त्याला हात लावायच्या नाहीत. बाबूजींनी डोळे मिटून, हात जोडून, सगळी थानं विद्यादानासाठी अर्पण केली. सरांनी त्यांना वाकून नमस्कार केला. त्या लाल कापडाने पुढे घामात रंग सोडला आणि सगळ्या पथकाच्या माना आठवडाभर शेंदूर फासल्यासारख्या दिसल्या, पण ते नंतरचं. त्या दुपारी नमस्कार आटोपून सरांनी दुकानात इकडेतिकडे पाहिलं, मी पाटावर बसून रिबिनीची रिळं लावत होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की पथकप्रमुख होण्याचे गुण माझ्यातच आहेत. उंची, ते म्हणाले. मी वर्गात शेवटून तिसरी होते, शेवट म्हणजे बुटक्यांचा.

तर अशी मी गोंड्याची काठी हातात घेऊन पथकाच्या पुढे चालू लागले. घरी ही बातमी पोचली तेव्हा बाई, म्हणजे माझी आई, खिचिये, आमच्याकडचे पापड, लाटत होती. तिने लाटणं थांबवून एकच प्रश्न विचारला, “ढोल पे चामडो तो कोनी?” मी सांगितलं, चामडं नाही, प्लास्टिक आहे. तिला ते पटेना. दुसऱ्या दिवशी ती स्वतः शाळेत आली, मोठ्या ड्रमवर बोटाने टकटक करून पाहिलं, वास घेतला, आणि मगच मला परवानगी मिळाली. आमच्याकडे चौविहार होता. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, नंतर तोंडात पाण्याचा थेंब नाही. हिवाळ्याच्या दिवसांत सराव साडेचारला सुरू व्हायचा आणि सूर्याला माझ्या पथकाचं काही देणंघेणं नव्हतं. मी धावत घरी यायचे, बाई दारातच ताट घेऊन उभी, गट्ट्याची भाजी आणि बाजरीची रोटी मी उभ्याने गिळायचे आणि ती पश्चिमेकडे बघत म्हणायची, जल्दी कर, जल्दी. आजही मी चावून खात नाही, डॉक्टर रागावतात. त्याचं श्रेय मी बँड पथकाला देते, कारण दुसरं काही त्याने मला दिलेलं नाही.

पण मी हे सगळं का केलं ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मला ढोलाची हौस होती. मला नाशिकची हौस होती. जिल्ह्यात पहिली येणारी दोन पथकं विभागीय स्पर्धेला नाशिकला जाणार होती, तीन दिवस, दोन मुक्काम. आमच्या घरातल्या मुलींनी गाव सोडायचं ते दोनच कारणांनी, एक लग्नाला आणि दुसरं आमच्या साधू महाराजसाहेबांच्या दर्शनाला, तेही पाचपंचवीस नातेवाइकांच्या मधोमध बसून. माझी मोठी बहीण दहावी झाली आणि वैशाखात तिचं लग्न लागलं. तिने आयुष्यात एकदाही एकटीने खिडकीची जागा घेतली नव्हती. मला खिडकीची जागा हवी होती. मला एकदा तरी कुणाची मुलगी, कुणाची भाची म्हणून नाही, तर माझी मी म्हणून कुठेतरी उतरायचं होतं. बाबूजी भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, अभिमानाच्या भरात बोलून गेले, “जीती तो म्हारी छोरी नासिक जासी,” आणि व्यापारी माणूस गिऱ्हाइकासमोर दिलेला शब्द फिरवत नाही. माझं सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं.

आमच्या पथकात खरा वाजवणारा एकच होता. दिलवर पाडवी. काठी गावाच्याही वरच्या अंगाला कुठेतरी त्याचा पाडा होता, तिथून तळोद्याला यायचं तर आधी दोन तास पायी आणि मग जीपच्या टपावर. तो सरकारी वसतिगृहात राहायचा आणि माझ्याच वर्गात, मागच्या बाकावर बसायचा. मराठी तो जपून बोलायचा, शब्द आधी तोंडात चाचपून बघायचा आणि मग बाहेर काढायचा. अभ्यासात तो यथातथाच होता आणि गुरुजन त्याला तसं रोज सांगायचे. पण मोठा ड्रम गळ्यात अडकवला की तो दुसराच कुणी व्हायचा. त्याचे वडील होळीला ढोल वाजवायचे, त्यांचे वडीलही, आणि तो ढोल असा की आमच्या शाळेचा मोठा ड्रम त्याच्या पोटात मावला असता. बागुल सर शिकवायचे, “एक, दोन, तीन, टाक.” दिलवर ऐकून घ्यायचा आणि न मोजता वाजवायचा. सरांनी एकदा दरडावून विचारलं, मोजत का नाहीस? तो म्हणाला, “मोजलं की चुकतं, सर.” सगळं पथक हसलं. मी सगळ्यात मोठ्याने हसले, कारण मी प्रमुख होते.

त्याची एकच खोड होती. लहान ड्रमवाल्यांपैकी कुणी मागे पडला, कुणाचा ताल घसरला, की दिलवर आपला ताल सोडून त्याच्याकडे जायचा. त्याच्या चुकलेल्या ठोक्याला आपला ठोका जोडायचा, त्याला धरून हळूहळू परत आणायचा. सर शिट्टी फुंकून फुंकून लाल व्हायचे. चुकणारा चुकू दे, तू सरळ वाजव. दिलवरला हे कळायचंच नाही. त्याने एकदा सगळ्यांसमोर समजावून सांगायचा प्रयत्न केला. होळीला गावोगावचे ढोल येतात, तो म्हणाला, कुणी कुणाच्या अंगावर वाजवत नाही. आधी जो वाजतोय त्याच्यात नवा ढोल मिसळतो. आणि कुणाचा ढोल पडायला लागला, हात थकला, दोरी तुटली, तर शेजारचा तो उचलतो, मग तो कुठल्याही गावचा असो. “पडू देत नाहीत,” तो म्हणाला. “पाप लागतं.” बागुल सर म्हणाले, “इथं उचलायचं नाही. इथं स्पर्धा आहे.” तेव्हा मला सरांचं म्हणणं अगदी शहाणपणाचं वाटलं होतं. तेव्हा मला बरंच काही शहाणपणाचं वाटायचं.

गणवेश शिवून आले. गावातल्या मुलांची मापं शिंप्याने टेप लावून घेतली होती. वसतिगृहातल्या सहा मुलांची मापं मात्र अंदाजाने घेतली, कारण शिंपी गेला त्या दिवशी ती मुलं पाणी भरायला गेली होती आणि दुसऱ्यांदा जायला त्याला सवड झाली नाही. पाच जणांचं कसंबसं भागलं. दिलवरचा कोट त्याच्या खांद्यांवर चढेना. बाह्या कोपराशी थांबल्या, बटणं आणि काजं यांची गाठ पडायची शक्यता नव्हती. बाबूजींकडे लाल कापड उरलं नव्हतं, विद्यादान संपलं होतं. सर म्हणाले, चालेल, मोठा ड्रम पोटावर असतो, मागे कोण बघतंय. म्हणून दिलवर वसतिगृहाच्या निळ्या शर्टातच उभा राहायचा आणि बाकी आम्ही सोळा जण टोमॅटोसारखे लाल.

आमच्या मोसमाची सुरुवात तालुका फेरीने झाली. तालुक्यात दोनच पथकं होती. दुसऱ्या पथकाचा मोठा ड्रम आदल्या दिवशी गावच्या लग्नात भाड्याने गेला होता आणि तो परत आलाच नाही, म्हणून त्यांनी टेबल वाजवलं. आम्ही जिंकलो. या विजयाची आमच्या शाळेने ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली, मुख्याध्यापकांनी फेटा बांधला, बाबूजींनी दुकानासमोर पेढे वाटले. बागुल सर त्या दिवसापासून चालताना हात मागे बांधू लागले. माझ्या मैत्रिणींनी मला विचारलं की नाशिकहून काय आणशील, आणि मी उपकार केल्यासारखी त्यांची यादी लिहून घेतली.

जिल्ह्याच्या स्पर्धेला आम्ही मेटॅडोरमधून नंदुरबारला गेलो. रस्ताभर मोठा ड्रम दिलवरच्या मांडीवर होता. मैदानावर पोचलो तेव्हा शहरातल्या एका इंग्रजी शाळेचं पथक आधीच रांगेत उभं होतं, पांढरे बूट, पांढरे हातमोजे. त्यांना पाहूनच सरांचे हात मागून पुढे आले. दुसरं पथक रनाळ्याचं. रनाळ्याच्या मुलांचे बूट एकसारखे नव्हते, पण ती मुलं उभी राहायची तशी आमच्यातली कुणी कधी राहिली नाहीत. बाकीची चार पथकं आमच्यासारखीच होती. इंग्रजी शाळा पहिली येणार हे उघड होतं. दुसरी जागा रनाळ्याची की आमची, एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर मला दिसत होतं.

रनाळ्याची प्रमुख सुरेखा नावाची मुलगी होती, सावळी, दोन घट्ट वेण्यांची. ती माझ्याकडे पिन मागायला आली. “तुन्हाजोडे पिन शे का वं? मन्ही पट्टी निंघी जाई ऱ्हायनी.” मी पिन दिली, तिने ती खांद्यावरच्या पट्टीला लावली. मग ती आपल्या डब्यातली कळण्याची भाकरी घेऊन आली, वर मिरचीचा ठेचा. मी विचारलं, ठेच्यात लसूण आहे का? ती हसली, “लसूणशिवाय ठेचा कथा ऱ्हास?” मी नको म्हटलं. ती भाकरी तिने दिलवरला दिली. तो आमच्यापासून जरा बाजूला बसून तुरीच्या शेंगा सोलत होता, त्याने ओंजळभर दाणे तिला दिले. दोघं एकमेकांना ओळखतही नव्हते. मी त्या दोघांकडे बघून नाक मुरडलं. माझ्या डब्यात पुऱ्या आणि कैरीचं लोणचं होतं. मी कुणालाच दिलं नाही.

रनाळ्याची पाळी आमच्याआधी होती. नियम असा की पुढचं पथक मैदानाच्या कडेला तयार उभं राहील, म्हणून आम्ही वाद्यं गळ्यात अडकवून चुन्याच्या रेघेबाहेर उभे होतो. ती मुलं वाजवायला लागली आणि माझं नाशिक माझ्या डोळ्यांदेखत पुसट होऊ लागलं. पावलं एक, हात एक, ताल इतका घट्ट की बघणाऱ्यांचे पाय आपोआप हलत होते. मी मनात देवाचं नाव घेऊन त्यांचं वाईट चिंतलं. हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे. आणि देवाने माझं ऐकलं. मैदानाच्या मध्यभागी वळण घेताना त्यांच्या मोठ्या ड्रमच्या पट्ट्याचं बक्कल तुटलं. ड्रम त्या मुलाच्या गळ्यातून सुटला, आपटला आणि गडगडत लांब गेला. मागचा ठोका गेल्याबरोबर लहान ड्रम गोंधळले, झांजा पुढे निघून गेल्या, एक रांग डावीकडे आणि दुसरी उजवीकडे निघाली. सुरेखाची काठी हवेतच राहिली. मला वाटलं, झालं. मिळालं. मला हसू येत होतं, ते मी दाबत होते.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे मोठा ड्रम वाजला. एकच ठोका, थांबून दुसरा. मग रनाळ्याच्या मुलांचा जो ताल तुटला होता तोच, त्याच चालीत, थोडा सावकाश, हरवलेल्याला हाक मारावी तसा. मला मागे वळायची गरज नव्हती. मैदानावरची पावलं एकेक करून त्या ठोक्यावर आली. लहान ड्रम सावरले, झांजा थांबून परत जागेवर आल्या, सुरेखाने आमच्या बाजूला एकदाच पाहिलं आणि काठी खाली आणली. पुढचा सगळा संच त्यांनी आमच्या ड्रमवर पूर्ण केला. लोकांना वाटलं हे असंच बसवलेलं आहे, त्यांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. शेवटच्या ठोक्यानंतर मी वळून पाहिलं. दिलवरने डोळे मिटलेले होते. बागुल सर शिट्टी तोंडात धरून उभे होते आणि ती फुंकायचीही त्यांना शुद्ध नव्हती.

परीक्षक तिघे होते. त्यांतले एक मिशीवाले गृहस्थ, ज्यांनी पूर्वी कुठल्यातरी सैनिकी बँडमध्ये काम केलं होतं, उठून उभे राहिले आणि त्यांनी आमच्या प्रमुखाला बोलावलं. मी आणि सर टेबलापाशी गेलो. ते शांतपणे म्हणाले, दुसऱ्या पथकाच्या सादरीकरणात ढवळाढवळ केली तर पथक बाद होतं, नियम माहीत आहे? सरांनी मान हलवली. “तो मुलगा तुमच्या पथकातला आहे?” सरांनी माझ्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांच्या मुलीकडे पन्नाशीच्या माणसाने असं पाहू नये. त्यांना उत्तर माझ्या तोंडून हवं होतं, म्हणजे उद्या ते म्हणू शकले असते की मी बोललोच नाही. मी दिलवरकडे पाहिलं. निळा शर्ट. आम्ही सगळे लाल, तो एकटा निळा. माझ्या बापाच्या कापडाने आणि शिंप्याच्या अंदाजाने सगळं आधीच सोपं करून ठेवलं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “ड्रम आमचा आहे. तो मुलगा ड्रम उचलायला आणलाय.”

हे मी अडखळत बोलले नाही. स्पष्ट बोलले, प्रमुखाला शोभेल अशा आवाजात, आणि दिलवर दहा पावलांवर उभा होता. परीक्षकांनी त्याच्या शर्टाकडे पाहिलं, आमच्या कोटांकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्याला मैदानाबाहेर जायला सांगा, ते म्हणाले. सरांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

तेवढ्यात सुरेखा टेबलापाशी आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिला त्या मुलाला शिक्षा होते आहे एवढंच समजलं असावं. आधी तिने शाळेतल्या मराठीत सुरुवात केली, मग ती घाईत सुटली आणि घरचं बोलू लागली. “सर, त्याले काही म्हनू नका. त्याना ड्रम नही ऱ्हाता ते आम्ही मझारमाच पडी जातूत. त्यानी आम्हले संभाळी लिधं.” मिशीवाल्यांनी विचारलं, म्हणजे शेवटचा संच तुम्ही बाहेरच्या ड्रमवर केला, हे तुला मान्य आहे? तिच्या शिक्षकांनी मागून तिचा हात ओढला. तिने हात सोडवून घेतला. “मान्य शे. खरं ते शे.” बाहेरची मदत घेतली म्हणून रनाळ्याचे त्या संचाचे सगळे गुण कापले गेले. टेबलापासून परत जाताना ती माझ्याजवळून गेली. मी काय बोलले ते तिने ऐकलं होतं. पट्टीची पिन काढून तिने माझ्या हातात ठेवली.

नंतर आम्ही वाजवलं. मोठा ड्रम एका झांजवाल्याच्या गळ्यात घातला, तो त्याच्या गुडघ्यांवर आपटत होता. आम्ही काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही, वाजवणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. पण रनाळ्याचे गुण गेले होते आणि उरलेली चार पथकं आमच्याहून वाईट होती, याहून मोठी कामगिरी त्यांच्या हातून पुढे कधी झाली नसेल. इंग्रजी शाळा पहिली, आम्ही दुसरे. बागुल सर रडले. कप माझ्या हातात दिला गेला आणि फोटो काढला गेला. तो फोटो आहे माझ्याकडे, मी दात काढून हसते आहे आणि माझी मान लाल झालेली आहे.

मेटॅडोरपाशी आलो तेव्हा दिलवर मोठा ड्रम टपावर चढवत होता. त्याने तो दोरीने आवळून बांधला, मग लहान ड्रम एकेक करून वर घेतले, झांजांची पिशवी घेतली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं होतं, सगळ्यांच्या देखत, की तो याच कामाला आणलाय. खाली उतरून हात झटकत त्याने मला विचारलं, “त्यांचं पूर्ण धरलं ना?” मला आधी कळलंच नाही तो कुणाबद्दल बोलतोय. त्याला मैदानाबाहेर काढलं होतं, निकाल त्याने ऐकला नव्हता. तो रनाळ्याच्या मुलांबद्दल विचारत होता. “तुला काय करायचंय?” मी म्हणाले आणि खिडकीची जागा धरली.

नाशिकला आम्ही शेवटून पहिले आलो. एका शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सारून झोपलो, गोदावरी पाहिली नाही, कारण सरांना चुकायची भीती वाटत होती. मैत्रिणींच्या यादीतली एकही वस्तू मला मिळाली नाही. खिडकीतून मला जे दिसलं ते ऊस, पेट्रोल पंप आणि ऊस. यासाठी मी एका माणसाला हमाल केलं. दिलवर नंतर सरावाला आला नाही. होळीला गावी गेला तो परतलाच नाही, कुणी म्हणालं घरचे गुजरातेत कामाला गेले त्यांच्यासोबत गेला. माझ्यामुळे गेला असं मी कितीतरी वर्षं स्वतःशी म्हणत आले, आणि त्या म्हणण्यात माझा मोठेपणाच जास्त होता. पोटाची सोय बघायला निघालेल्या माणसाच्या आयुष्यात मी एवढी मोठी कोण लागून गेले होते? बाबूजी मात्र माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना सांगायचे, आमच्या मुलीने जिल्ह्यात नाव काढलं. पुढे भाऊ सुरतच्या कापडबाजारात गेला आणि हे दुकान माझ्याकडे आलं, कपासकट.

गेल्या मार्गशीर्षात दुपारच्या वेळी एक माणूस दुकानात आला. खांदे तेच, केस बरेचसे पिकलेले. सोबत बारा-तेरा वर्षांची मुलगी. मी लगेच ओळखलं आणि लगेच मापाची पट्टी शोधायला खाली वाकले. तिच्या शाळेत बँड काढलाय, तो म्हणाला, गणवेशाला कापड पाहिजे. मराठी आता तो भराभर बोलत होता. “रंग कुठला?” मी विचारलं. “लाल सोडून कुठलाही चालेल म्हणे,” तो म्हणाला आणि वर फळीवरच्या कपाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता हा बोलेल. मी तयारही होते, माझ्याजवळ माफीची चांगली वाक्यं होती, इतक्या वर्षांत ती मी घासूनपुसून ठेवलेली होती. त्याने ती मला वापरू दिली नाहीत. मुलीला तो म्हणाला, “हात वर कर, ताईंना माप घेऊ दे. अंदाजाने नको.”

मी माप घेतलं. खांदे, छाती, बाही, दोनदा घेतलं. निळं कापड कापलं, घडी घातली, पुडकं बांधलं. ते त्याच्या हातात देताना माझ्या तोंडून निघालं, “त्यांचं पूर्ण झालं होतं. रनाळ्याचं. शेवटपर्यंत वाजवलं त्यांनी.” “माहीत आहे,” तो म्हणाला. “मीच वाजवत होतो ना.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती. पुडकं मुलीकडे देऊन तो पायऱ्या उतरला.

माझी मुलगी सुट्टीला आलेली होती, ती मागच्या खोलीच्या दारातून बघत होती. लहानपणापासून तिने आजोबांच्या तोंडून कपाची हकिगत शंभर वेळा ऐकलेली. तिने विचारलं, “कोण गं ते?” मी मापाची पट्टी गुंडाळत होते. हा प्रश्न मला एकदा विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं.

“आमच्या पथकातला,” मी म्हणाले. “मोठा ड्रम वाजवायचा.” मग स्टूल ओढून त्यावर चढले, फळीवरचा कप काढला आणि तो खाली, रद्दीच्या खोक्यात ठेवला.